सरांचा विद्यार्थी आणि सतरा नंबरचा माग

तुमचं काम तुमच्याकडूनच शिकून घेऊन उद्या तुमच्याच खुर्चीत बसणार आहे, अशा विद्यार्थ्याला तुम्ही शिकवाल का?

हा प्रश्न मी सरांना पहिल्याच भेटीत विचारला होता. खरं तर ती माझ्या नोकरीची मुलाखत होती आणि प्रश्न त्यांनी विचारायचे होते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंतीवरच्या पालीकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "विद्यार्थी किती वाजता येतो त्यावर आहे. सकाळी येत असेल तर शिकवीन. दुपारी मला झोप लागते."

मी चिडले. सरांनी मला कामावर ठेवलं.

आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये होते आणि छापून आलेल्या पत्रकांना घड्या घालायचं काम आम्हा भावंडांकडे असायचं. बाराखडीच्या आधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. त्यामुळे 'कारखान्यांना लागेल तशी बुद्धिमान यंत्रं घडवून देणारं ऑफिस' अशी जाहिरात पाहिल्यावर मी तिथे नोकरी मागायला गेले होते की भांडायला, हे मलाही नीट सांगता येणार नाही. सरांना मात्र ते पहिल्याच दिवशी कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते मला 'पत्रकबाई' म्हणायला लागले. मी जिना चढून आत आले की वर न बघता विचारायचे, "या पत्रकबाई. आज कुणाचा निषेध?"

सर मुळात चादरींचे डिझायनर. गिरणी चालू असताना मोठ्या ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून चादरीवरची फुलं, मोर काढायचे. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि ती कार्डं बघून माग मोर विणायचा. गिरणी बंद पडली तेव्हा सर पन्नाशीला आले होते. बरोबरीच्या लोकांनी पानटपऱ्या टाकल्या, सरांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला. कॉलेजच्या पोरांच्या मागच्या बाकावर बसून ते शिकले आणि दोन वर्षांत त्या क्लासच्या मास्तरांना शिकवायला लागले. "पुठ्ठ्याला भोकं पाडून मागाला मोर शिकवला," ते म्हणायचे, "आता भोकं दिसत नाहीत एवढाच फरक."

ऑफिस म्हणजे एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. खोलीत सर, मी, एक मोठा कॉम्प्युटर आणि एक कूलर. मे महिन्यात सोलापुरात पंखासुद्धा गरम वारा फेकतो, हे कुणाला सांगायला नको. तर तो एकमेव कूलर कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवलेला असायचा आणि आम्ही दोघं ओले पंचे डोक्यावर घेऊन बसायचो.

"सर, माणसं घामाने भिजायलीत आणि यंत्राला वारा. ह्यावर पत्रक निघेल."

"काढ की. आणि त्याच पत्रकाने मला जरा वारा घाल."

यंत्राला ते यंत्र म्हणायचेच नाहीत. विद्यार्थी म्हणायचे. स्टेशनरीच्या दुकानातून शाळेची खरी प्रगतिपुस्तकं आणून ठेवली होती. त्यातले मराठी, गणित, परिसर हे विषय खोडून ते कामाप्रमाणे नवे विषय लिहीत आणि दर शनिवारी गुण भरत. शेरा लाल शाईने. 'लक्ष नाही.' 'घाई करतो.' 'प्रगती समाधानकारक.' खाली पालकांच्या सहीच्या जागी ज्याने काम दिलं त्या मालकाची सही घेतल्याशिवाय पुढचा धडा सुरू व्हायचा नाही. मोठमोठे कारखानदार हसत हसत सही करायचे. एकाने सहीऐवजी शिक्का मारला, तर सरांनी पुस्तक परत पाठवलं. पालक शिक्का मारत नसतात, म्हणे.

दुपारी एकला मधली सुट्टी. शिकवणी कितीही रंगात असली तरी एक वाजला की सर कॉम्प्युटर थांबवायचे आणि डबा उघडायचे. कडक भाकरी, शेंगाचटणी, जुन्या ग्राफ पेपरवर मांडलेली. मी म्हटलं, तो बिचारा कुठे जेवतो? तर म्हणाले, "तो नाही जेवत. पण मी जेवताना तो चुकीचं शिकला तर बघणार कोण?"

आणि सगळ्यावर त्यांचा एक शब्द होता. कशावरून? मी म्हणायची, आज फार ऊन आहे. कशावरून? हा मालक लबाड आहे. कशावरून? एकदा त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं की तुमची वाट बघत्ये, तर सर सवयीने म्हणाले, "कशावरून?" त्या दिवशी त्यांना घरी जायला उशीर झाला आणि जेवायला त्याहून.

मंद्रूपच्या एका बाईंचा कडक भाकरीचा धंदा होता. फोनवर इतक्या ऑर्डरी यायच्या की उत्तरं द्यायला सवड नाही. सरांनी त्यांचे दोन वर्षांचे सगळे मेसेज घेतले आणि त्यावर विद्यार्थी तयार केला, हुबेहूब त्यांच्यासारखं उत्तर देणारा. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने पंचवीस भाकरी मागवल्या, तर विद्यार्थ्याने लिहिलं, "मागच्या बारीचा डबा अजून दिला न्हाय परत. आधी डबा आना, मग भाकरी." बाई धावत ऑफिसात आल्या.

"ओ सर, ह्ये यंत्र गिऱ्हाइकाला बोलायलंय की!"

"तुम्ही बोलत होतात का?"

"मी बोलत हुते ती गोष्ट येगळी. माजं त्वांड हाय ते."

"तेच तोंड शिकवलंय त्याला. तुम्ही गोड बोलायला लागा, तोही लागेल."

बाईंनी जरा विचार केला. "आनि डबा?"

"डबा आला परत. कालच."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच," बाई म्हणाल्या.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण आता ज्या गोष्टीकडे येते तिथे मी फार हसत नव्हते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना होता. मालक तरुण होता, वडिलांकडून धंदा नुकताच हातात आलेला. तिथे तयार टॉवेल तपासायला तीन बायका होत्या. विद्यार्थ्याने त्यांचं काम शिकायचं होतं. टेबलावर कॅमेरा टांगला. टॉवेल आला की कॅमेरा फोटो काढणार, बाई त्यावर हात फिरवून 'पास' किंवा 'नापास' म्हणणार आणि मी शेजारी बसून ते कॉम्प्युटरवर नोंदवणार. असे हजारो टॉवेल बघून विद्यार्थी आपलं आपण ओळखायला शिकणार.

त्या तिघींत थोरल्या होत्या त्यांना सगळे अक्का म्हणत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. डोळे दुसरीकडेच असायचे, शेजारणीशी बोलणं चालू असायचं आणि तळवा टॉवेलवरून सरकत असायचा. मध्येच थांबायचा. तिथे बघितलं की तुटका धागा.

पहिल्याच आठवड्यात मी सरांशी भांडण काढलं. या बायकांची तीस वर्षांची कला आपण फुकट उचलतोय, निदान प्रत्येक नोंदीवर शिकवणारीचं नाव तरी असलं पाहिजे. सर म्हणाले, कशावरून? मी अर्धा तास बोलले. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी पंचा पिळला आणि म्हणाले, "बरोबर आहे. विद्यार्थ्याच्या दाखल्यावर शिक्षकाचं नाव पाहिजेच." त्यानंतर या बाबतीत ते माझ्यापेक्षा कडवे झाले. नाव नसलेली नोंद ते सरळ काढून टाकत. मी इतकी खूश झाले की मालकालासुद्धा ऐकवलं, "आमच्याकडे एकेका फोटोवर कामगाराचं नाव आहे. कोणी काय शिकवलं, सगळं दिसतं."

मालक म्हणाला, "वा, छान."

परीक्षेच्या दिवशी कारखान्यात मालक, मॅनेजर, तिघी बायका, सर आणि मी. पास असेल तर हिरवा दिवा, नापास असेल तर लाल. विद्यार्थी सुरेख चालला होता. मग मालकाने ढिगातून मुद्दाम तुटक्या धाग्याचा एक टॉवेल काढून ठेवला. हिरवा. दुसरा तसाच ठेवला. पुन्हा हिरवा. मग तीन नंबरच्या मागावरचा तसाच खराब टॉवेल ठेवला, तर लाल.

मॅनेजर म्हणाला, "सर, हिरवे लागले ते दोन्ही सतरा नंबरच्या मागाचे हाईत. तुमच्या विद्यार्थ्याचं प्रेम जडलंय वाटतं सतरा नंबरवर."

प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यावर निळ्या खडूने मागाचा नंबर लिहिलेला असतो, नंतर धुण्यात जातो. सर पुढे झाले. खिशातला रुमाल पाण्यात बुडवून त्यांनी सतराचा आकडा पुसला आणि टॉवेल परत ठेवला. लाल. मग तीन नंबरच्या टॉवेलवरचा आकडा पुसून तिथे खडूने सतरा लिहिलं. हिरवा. सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की काय सांगू. "धागा बघतच नाही हा! आकडा बघतोय! लबाड आहे, लबाड!" ते टाळ्या वाजवणार इतक्यात त्यांच्या लक्षात आलं की बाकी कुणी हसत नाहीये.

मालक शांतपणे म्हणाला, "म्हणजे सतरा नंबरचा खराब माल कुणीतरी कायम पास करायलंय. त्याशिवाय ते शिकेल कशाला? तुमच्याकडे नावं आहेत ना, मॅडम? एकेका फोटोवर?"

मी वळून बघितलं. अक्का टॉवेलची घडी घालत होत्या. सतरा नंबरचा माल त्याच घ्यायच्या, हे मला माहीत होतं.

"उद्या अकराला यादी घेऊन या," मालक म्हणाला. "यंत्र आल्यावर एकीला कमी करायचं ठरलेलंच होतं. कुणाला, ते आता कळेल."

रिक्षात मी सरांना म्हटलं, नावं पुसून टाकू. आत्ताच्या आत्ता.

"लिहायला तू लावलीस."

"सर, मी मानासाठी लावली होती!"

"कशासाठी लावली ते फाइलला काय माहीत?" सर म्हणाले. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "वळव. अक्कांकडे."

अक्कांच्या घरात पुढच्या खोलीत त्यांची जाऊ सुपात पानं घेऊन विड्या वळत बसली होती. सरांनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, "अक्का, मी उद्या तुमचं नाव सांगणार आहे. खोटं मला जमत नाही. म्हणून आधी सांगायला आलो."

"अय्यो, एवढ्यासाठी आलात व्हय? सांगा की. मी काय चोरी केली? बसा. चहा घेता का?"

"खराब माल पास केलात ना?"

"कुठला खराब? पासच हाय तो." अक्का आत गेल्या आणि एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. डबीत वाकड्या टोकाच्या सुया होत्या. "ही एक डबी घरात, एक तिकडे टेबलाच्या खणात. सतराचा माल मी पास म्हणते आनि बाजूला ठेवते. एक वाजता तुमी जेवायला गेला की सुई लावून धागा बसवते. मग पाठवते. फोटो तुमी आधी काढता, त्याला मी काय करू?"

सतरा नंबरवर एक म्हातारे विणकर होते, अक्का त्यांना मामा म्हणायच्या. अक्का पहिल्यांदा कामाला लागल्या तेव्हा तुटका धागा बोटाला कसा लागतो ते त्यांनीच शिकवलं होतं. आता मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत माग हातातून जाऊ नये, म्हणून हे चाललं होतं.

"पण अक्का, आम्हाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू इचारलीस का? माझं नाव इचारलीस, माझ्या बापाचं इचारलीस, स्पेलिंग दोनदा इचारलीस. हात काय करायलाय ते कुठं इचारलीस?"

जावेचं विड्या वळणं थांबलं, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी महिनाभर त्या बाईच्या शेजारी बसले होते. तिच्या नावाचा झेंडा उभारण्यात मी इतकी गुंतले होते की तिच्या हाताकडे बघायचं राहूनच गेलं.

सरांना मात्र दुसरंच काही सुचत होतं. त्यांनी घरातला जुना टॉवेल मागून घेतला, धागा स्वतः तोडला आणि अक्कांना बसवायला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. मग स्वतः सुई घेतली आणि बोटात टोचून घेतली. "कुठला धागा बसेल आणि कुठला नाही, कशावरून कळतं?"

"बोटाला कळतं."

"बोटाला कशावरून कळतं?"

"सर, तुमाला तहान लागलेली कशावरून कळते?"

इतक्या दिवसांत त्यांचा तो शब्द परत आलेला मी पहिल्यांदाच बघितला. मग त्यांनी पाणी मागितलं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी एक पत्रक लिहिलं. सकाळी झेरॉक्सच्या दुकानातून पन्नास प्रती काढल्या आणि पिशवीत घालून कारखान्यात गेले. वाटायची वेळच आली नाही.

सरांनी आधी स्वतःची चूक सांगितली. "फोटोत मागाचा आकडा येऊ द्यायला नको होता. ती चूक माझी, लिहून घ्या." मग यादी उघडून अक्कांचं नाव वाचलं. मोठ्याने, पूर्ण. मग प्रगतिपुस्तक काढून लाल शाईने शेरा लिहिला आणि तोही वाचून दाखवला. 'नापास. शिक्षक दोन हातांनी शिकवत होते. विद्यार्थ्याने एकच बघितला.'

अक्कांनी खणातली सुई काढून कालचाच टॉवेल दोन मिनिटांत दुरुस्त केला. मालकाने तो उजेडात धरला, उलटा केला, ओढून बघितला. मॅनेजरला विचारलं, "सतराचा माल गिऱ्हाइकाकडून परत आलाय कधी?"

मॅनेजर म्हणाला, "न्हाई साहेब. सतराचा कदी आला न्हाई."

मालक काही भला माणूस नव्हता आणि वाईटही नव्हता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट चमकली. "म्हणजे बाकीच्या मागांचा असा दुरुस्त होणारा माल आपण आजवर सेकंडमध्ये टाकून कमी भावात विकायलोय?" तो सरांकडे वळला. "सर, यंत्राला तिसरा ढीग शिकवता येईल? पास, नापास आणि दुरुस्तीचा?"

"येईल. पण मला येत नाही तो. त्यांना येतो."

मालक अक्कांकडे बघत राहिला.

"पत्रकबाई," सर म्हणाले, "पिशवीतलं एक पत्रक द्या. मागची बाजू कोरी आहे ना?"

माझ्या पत्रकाच्या पाठीवर सरांनी करार लिहिला. एकच ओळ. 'विद्यार्थी कामावर असेपर्यंत शिक्षक कामावर.' मालकाने वाचलं, पेन घेतलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'एक वर्ष, पुढच्या दिवाळीपर्यंत.' सर अडून बसले. दर हंगामाला सूत बदलतं, रंग बदलतो, विद्यार्थ्याला पुन्हा शिकवावं लागतं, असं अर्धा तास समजावत राहिले. माझंच भाषण वाटावं इतकं लांबलं. शेवटी अक्काच म्हणाल्या, "घ्या की सर एक वर्ष. मामाचा डोळा तर होईल तोवर."

मामांचा डोळा झाला. ते परत सतरा नंबरवर आहेत आणि आता अक्कांच्याच चुका काढतात म्हणे.

सरांनी या उन्हाळ्यात ऑफिस बंद केलं आणि होटगीला मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला शाळा सोडल्याचा दाखला दिला. भाकरीवाल्या बाईंच्या यंत्राच्या दाखल्यावर 'वर्तणूक: तोंडाळ' असं लिहिलं आणि बाईंनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला. टॉवेलच्या यंत्राच्या दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली. एकटं सोडू नये' असं आहे. कूलर मला दिला. घरी अजून मी तो चुकून, समोर कॉम्प्युटर असल्यासारखा, भिंतीकडे तोंड करून लावते.

परवा कारखान्यात गेले होते. मॅनेजर नवीन आहे. म्हणाला, यंत्र तिसरा ढीग शिकलं की आता. मग अक्कांना ठेवून काय करायचं? मी सरांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "शिकलं? कशावरून?" त्यांचं बरोबर आहे, पण त्यांना विचारतंय कोण? त्यांचं ऑफिस बंद आहे. त्या एका ओळीवर 'दिवाळीपर्यंत' असं लिहिलेलं आहे आणि बाजारात आकाशकंदील लागायला सुरुवात झाली आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. मी इथे अक्कांचं नाव लिहिलेलं नाही, तेवढं मी आता शिकले आहे. तुम्हाला ते लागणारही नाही. घरात सोलापुरी टॉवेल असेलच. त्याच्या लेबलावर कारखान्याचा पत्ता असतो. एक पोस्टकार्ड घ्या आणि एवढंच विचारा की तुमच्या यंत्राला ज्या बाईने शिकवलं ती आज तुमच्या टेबलावर बसलेली आहे का. कुठला कारखाना, याचा विचार करत बसू नका. सगळ्यांनाच विचारायला हवं. खाली तुमचा पत्ता लिहा, म्हणजे उत्तर द्यावं लागेल. आणि उद्यावर टाकू नका, आजच्या टपालात टाका.